सुगीतली गोळी

ज्वारी काढणीला आली की आमच्या दादाची शुगर उतरते. मृगाच्या पेरणीला उतरते, खुरपणीला उतरते, आणि उन्हाळ्यात शेतं मोकळी पडली, लग्नसराईच्या पंगती सुरू झाल्या की वर चढून बसते. माझी शुगर वर्षभर एकाच चालीने चालते, कारण माझं कामही बारा महिने सारखंच. कॉलेजातले तास, पेपर तपासणी, खुर्ची, आणि सकाळी मुकुंदराजाच्या रस्त्याने फिरून येणं. मी अंबाजोगाईत राहतो, दादा गावी शेती बघतो. शुगर आम्हा दोघांनाही वडिलांकडून, अण्णांकडून आली. अण्णांची कळली तीच मुळी पायाची जखम चिघळल्यावर.

बरीच वर्षं आम्हा दोघांच्या चिठ्ठीवर एकच गोळी होती. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड एकत्र असलेली, कुठल्याही मेडिकलवर मिळते ती. सुरुवातीला ताकदही तीच. एक भाऊ खुर्चीत बसणारा, दुसरा माणसं मिळाली नाहीत तर स्वतः वाकून ज्वारी उपटणारा. डॉक्टरांनी दोघांनाही एकच वाक्य सांगितलं होतं, ‘गोळी घ्या आणि व्यायाम करा.’ ते वाक्य चुकीचं नाही. पण त्यातला ‘आणि’ फार मोठा आहे, आणि तो कुणी उलगडून सांगत नाही. गोळी आणि अंगमेहनत ही दोन्ही औषधंच आहेत. एकाच शरीरात, एकाच वेळी दोन औषधं पडतात तेव्हा त्यांचं एकमेकांशी काय होतं ते बघावं लागतं.

आधी गोळीचं सांगतो. एकाच गोळीत असली तरी ही दोन औषधं स्वभावाने वेगळी. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरवर काम करतं. आपण उपाशी असतानाही लिव्हर रक्तात साखर सोडत असतं, मधुमेहात गरजेपेक्षा जास्त सोडतं. मेटफॉर्मिन ते आवरतं. १९५७ साली फ्रान्समधल्या जां स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहावर त्याचा उपयोग होतो हे प्रसिद्ध केलं, आणि आजही बहुतेकांची सुरुवात याच औषधाने होते. एकट्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची शुगर धोक्याइतकी खाली जाणं विरळा. ग्लिमेपिराईडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतं, आणि रक्तात साखर किती आहे याची वाट न बघता भाग पाडतं. तुम्ही जेवलात का, भाकरी शेतात यायला उशीर झाला का, आज काम दुप्पट आहे का, हे त्या गोळीला कळत नाही. सकाळी घेतली की तिचा अंमल जवळपास दिवसभर राहतो.

आता मेहनतीचं. रक्तातली साखर स्नायूत शिरायला इन्सुलिन लागतं, एवढं आपण सगळे ऐकून असतो. पण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट बघत नाही. स्नायू आकुंचन पावला की त्याच्या आतली ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं आपोआप पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. ज्यांनी रात्री उसाला पाणी देताना दारं धरली आहेत त्यांना हे चटकन समजेल: इन्सुलिन हे चारीवरचं एक दार, मेहनत हे दुसरं. मधुमेहात पहिलं दार कुरकुरतं, म्हणून दुसरं उघडणं फार मोलाचं. पण ग्लिमेपिराईडने पहिलं दार जोर लावून उघडलेलं असताना दुसरंही सताड उघडलं, तर विहीर किती वेळ पुरणार? आणि काम थांबलं तरी दुसरं दार लगेच लागत नाही. मेहनतीनंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास शरीर इन्सुलिनला जास्त दाद देत राहतं. म्हणूनच तज्ज्ञ सांगतात की आठवड्याला निदान १५० मिनिटं चाला आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नका. म्हणूनच दिवसभर राबलेल्या माणसाची शुगर कधीकधी पहाटे तीन वाजता, झोपेत, खाली जाते.

दादाचं झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. रविवार होता, मी काढणीला गेलो होतो. टाळकीची ज्वारी, माणसं कमी, म्हणून दादा पहाटेच रानात उतरलेला. गोळी घेतलेली, वर चहा आणि चतकोर भाकरी. दुपारची भाकरी यायला उशीर झाला, कारण वहिनी बाया शोधायला वस्तीवर गेल्या होत्या. बाराच्या सुमाराला दादा माणसांवर ओरडायला लागला. आमचा दादा मोठ्याने बोलत नाही, बैलालाही नाही. मी जवळ गेलो. वारं गार होतं आणि त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता, बंडी पाठीला चिकटलेली. पेंढी बांधायला घेतली होती आणि गाठ बसत नव्हती. बोटं गाठीपर्यंत जायची आणि थांबायची, पुन्हा जायची. जन्मभर ज्या हाताने पेंढ्या बांधल्या त्या हाताला गाठ आठवत नव्हती. मी म्हणालो, दादा, बस जरा. तर माझ्याकडे असा बघितला की मी कोण हे त्याला पटकन कळलं नसावं.

शुगर तपासायचं मशीन माझ्या पिशवीत होतं. ४८ आली. सत्तरच्या खाली गेली की शुगर कमी झाली असं धरतात. चोपन्नच्या खाली म्हणजे गंभीर. वहिनी तेवढ्यात पोहोचल्या होत्या, त्यांनी काही न विचारता गूळ फोडला, तांब्यात पाण्यात विरघळवला आणि दादाच्या तोंडाला लावला. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देणारा आपला मुलूख. त्या दिवशी ते अगदी योग्य औषध ठरलं. डॉक्टर सांगतात ते प्रमाण पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं, आणि वर आल्यावर भाकरी. माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, पोराटोरांनाही, तोंडपाठ पाहिजे.

पंधरा-वीस मिनिटांत दादा माणसात आला. म्हणाला, ‘आरं, नुसती भूक लागल्यावानी झालं व्हतं. कामून एवढं घाबरलाव?’ मग वहिनींनी सांगितलं की असं मागच्या सुगीतही दोनदा झालं होतं, आणि रात्री अंथरूण घामाने भिजायचं. त्यांना वाटायचं उष्णता आहे. दादाला वाटायचं थकवा आहे. दोघांनीही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, आणि शेतातल्या कामाला व्यायाम म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. व्यायाम म्हणजे बूट घालून शहरातली माणसं करतात तो. दवाखान्यात ‘व्यायाम करता का?’ असं विचारलं की दादा प्रामाणिकपणे ‘न्हाई’ म्हणायचा. डॉक्टर लिहून घ्यायचे, आणि शुगर उन्हाळ्यात वाढलेली दिसली की गोळीची ताकद वाढवायचे. वाढवलेली ती ताकद मग सुगीत अंगावर यायची.

माझं म्हणणं इथेच आहे. शहरी नोकरदाराची मेहनत रोजची आणि ठरलेली असते, म्हणून तिच्याभोवती डोस बसवता येतो. मराठवाड्यात मेहनत हंगामाची असते. दोन महिने शरीर घाण्याला जुंपलेलं, पुढचे दोन महिने पारावर. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ही सरासरी आहे, आणि सरासरीत सुगीतले ४८ आणि लग्नातले ३०० एकमेकांना झाकून टाकतात. कागदावर आकडा ठीकठाक दिसतो. म्हणून डॉक्टरांना आकडा दाखवायचाच, पण सोबत हेही सांगायचं की सध्या रानात काय चाललंय, कधी जेवतो, रात्री घाम येतो का.

दादाला मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी हे सगळं नीट ऐकलं. ग्लिमेपिराईड बंद केलं, मेटफॉर्मिन ठेवलं, आणि जोडीला ग्लिप्टिन गटातली गोळी दिली. या गटातल्या गोळ्या साखर वाढलेली असेल तेव्हाच इन्सुलिनला जोर देतात, म्हणून मेहनत करणाऱ्याची शुगर त्यांनी सहसा एकदम पडत नाही. पूर्वी त्या महाग होत्या. पेटंट संपल्यावर बऱ्याच स्वस्त झाल्या, विल्डाग्लिप्टिन २०१९ नंतर आणि सिटाग्लिप्टिन २०२२ नंतर. ज्यांना ग्लिमेपिराईडच घ्यावं लागतं किंवा जे इन्सुलिनवर आहेत, त्यांच्यासाठी डॉक्टर कामाच्या दिवसांत डोस कमी करून देतात. हे स्वतःच्या मनाने करू नये. पण विचारायला आपणच गेलं पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: चालायला किंवा सायकलवर निघण्याआधी मांडीत इंजेक्शन घेतलं तर ते नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरतं, अशा वेळी पोटावर घेतलेलं बरं. आणि बीपीसाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असली गोळी चालू असेल तर शुगर कमी झाल्याची धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. घामावर लक्ष ठेवायचं.

उपवासांचं काय, हा प्रश्न आमच्या भागात टाळता येत नाही. घटस्थापनेपासून नऊ दिवस अनवाणी राहणारी, एकवेळ खाणारी, आणि त्यातच तुळजापूरला चालत जाणारी माणसं घरोघरी आहेत. माझ्या वहिनीही त्यातल्याच, आणि आईच्या दर्शनाला चालत जाण्यात त्यांना जे बळ मिळतं ते मी बघितलंय. ते सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण मधुमेह असेल तर तिथे तीन गोष्टी एकत्र येतात: पोट रिकामं, पाय चालते, आणि गोळी रोजचीच. माझ्या कॉलेजातले एक सहकारी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर त्यांच्या गोळ्यांची वेळ बदलून देतात, मुख्य डोस इफ्तारकडे सरकवतात, आणि रात्रीची तरावीहची नमाज हाही व्यायामच धरायला सांगतात. रमजानमधल्या मधुमेहाबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रंही हेच म्हणतात. नवरात्राआधी गोळी विचारायला दवाखान्यात गेलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. भेटायला हवं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी, जी साखर लघवीवाटे बाहेर काढते, ती चालू असेल तर उपवासात आणि लांब चालीत तर विचारलंच पाहिजे, कारण तिच्याने शरीरातलं पाणी कमी होतं, आणि उपाशीपोटी शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. वैशाखात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा ही गोळी घेऊन उन्हात राबणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि पाय. अण्णांमुळे मी या बाबतीत हळवा आहे, हे मान्य. मधुमेहात हळूहळू तळव्याची संवेदना जाते आणि गेल्याचं कळत नाही. डॉक्टर एक नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून बघतात, डोळे मिटायला लावून विचारतात, लागलं का. तो जर कळला नाही, तर अनवाणी चालणं म्हणजे तापलेल्या डांबरावर भाजूनही न कळणं. अण्णांना बाभळीचा काटा मोडलेला दोन दिवस कळला नव्हता. देवीकडे जाताना मऊ रबराची एमसीआर चप्पल घातली तर आई रागावणार नाही, असं माझ्या आजीने वहिनींना सांगितलं होतं, आणि आजीचं म्हणणं आमच्या घरात डॉक्टरांपेक्षा जड.

आता माझ्यासारख्या खुर्चीतल्या माणसांचं. आमचा धोका दादाच्या उलट. आमच्याकडे गोळी सगळं करते आणि स्नायू काही करत नाहीत. सकाळी एकदा फिरून आलो की दिवसभर बसायची मुभा मिळाली असं आम्ही समजतो. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात (२०१६) टाईप-२ मधुमेह असलेल्या लोकांना दिवसातून एकदा तीस मिनिटं चालायला लावलं, आणि नंतर त्याच लोकांना प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. मिनिटं तेवढीच, पण जेवणानंतर चालण्यात जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आमच्या आजोबांची शतपावली त्यांनी मोजून दाखवली म्हणायची. तेव्हापासून रात्री जेवण झालं की मी गल्लीत दहा मिनिटं फिरतो. बायकोही येते, आणि दिवसभरात राहिलेलं बोलणं तेवढ्यात होऊन जातं. चालण्यासोबत स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा हवं, म्हणजे जोर-बैठका, खुर्चीतून हात न टेकता उठणं. साखर जाते ती स्नायूत. स्नायूच उरला नाही तर ती जाणार कुठे? जिम लावलेल्या कुणी जोरात वजनं उचलल्यावर लगेच तपासलं आणि शुगर वाढलेली दिसली तर घाबरू नये. जोराच्या कष्टाने अॅड्रेनलिन वाढतं, लिव्हर साखर सोडतं. थोड्या वेळाने ती उतरते.

पुतण्या पुण्यात आयटीत आहे. त्याची शुगर काठावर आली तेव्हा त्याने विचारलं, काका, मीही मेटफॉर्मिन सुरू करू आणि सोबत व्यायामही करू का, दोन्हीने दुप्पट फायदा होईल. त्याला मी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २००६ साली प्रसिद्ध झालेला, काठावरच्या पाचशेहून जास्त भारतीयांवर तीन वर्षं केलेला. नुसत्या आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, नुसत्या मेटफॉर्मिनने सुमारे २६ टक्क्यांनी, आणि दोन्ही मिळून पुन्हा सुमारे २८च टक्क्यांनी. बेरीज झाली नाही. मला हा निकाल फार विचार करायला लावणारा वाटतो. काठावरच्या माणसाला चालण्याने मिळतं ते गोळी वाढवून देत नाही. म्हणून त्याच्या डॉक्टरांनी आधी चालायला लावलं, आणि तो चालतोय. मधुमेह झालेल्यांचं वेगळं. आम्हाला दोन्ही लागतात, आणि चालतो म्हणून गोळी सोडली असं आम्हाला करता येत नाही.

आयसीएमआरच्या २०२३च्या अहवालानुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. हा आजार आता शहरातल्या सुखवस्तूंचा राहिलेला नाही, हे मला गावात गेलं की दिसतं. आमच्या वस्तीवर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांमध्येही शुगर आलीय. त्यांचा विचार केला की दादाचं दुखणं साधं वाटतं. दसरा झाला की उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. तिथे पहाटेपासून तोडणी, मोळ्या डोक्यावरून वाहणं, आणि ट्रक येईल त्या वेळेला भरणं, मग रात्रीचा एक वाजलेला असो. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक कधी होईल याचा नेम नाही. बरं वाटत नाही म्हणून बसलं की खाडा पडतो. आणि पिशवीत गोळ्या असतात त्या उन्हाळ्यात, घरी बसलेल्या शरीरासाठी, वाढलेली शुगर बघून लिहिलेल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात, माणसं तीन महिन्यांच्या भरून नेतात. तिकडे फडात कुणाला घाम फुटून गरगरलं तर ऊन लागलं म्हणतात, सावलीत निजवतात. निजवू नये. आधी साखर द्यावी.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर तपासायचा सरकारी कार्यक्रम आहेच, आशाताई घरोघर फॉर्म भरतात. त्यातच भाद्रपदात एक फेरी अशी व्हावी की यंदा कोयत्यावर जाणार का एवढं विचारून शुगर असलेल्यांची गोळी जाण्याआधी बदलून द्यावी, सोबत ग्लुकोजच्या पुड्या द्याव्यात, आणि जोडीदाराला गूळपाण्याचं सांगावं. याला नवीन यंत्र लागत नाही, नवीन औषध लागत नाही.

यंदा वस्तीवरच्या एका जोडीला घेऊन मी आणि दादा आरोग्य केंद्रात गेलो. बाईला शुगर होती. तिथल्या डॉक्टर मॅडमनी गोळी बदलली आणि चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं की घाम आणि थरथर आली तर काम थांबवून साखर खायची. दादाने ती चिठ्ठी मुकादमाला दाखवली आणि असं झालं तर खाडा धरायचा नाही हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मुकादम थोडा वेळ चिठ्ठी वाचत राहिला. मग म्हणाला, ‘मपल्या टोळीत आजून तिघांला हाय शुगर. त्यायलाबी नेताव का?’ सोमवारी त्या तिघांनाही नेलं. एकाच्या पिशवीत ग्लिमेपिराईड निघालं, दिवसातून दोनदा घ्यायचं.